लिलीचा ताटवा आणि गुलछडीची पिशवी

परसात फुलझाड लावावे ते देवपूजेसाठी किंवा वेणीगजऱ्यासाठी, असा आपल्या जुन्या घरांचा रिवाज होता. विहिरीच्या सांडपाण्यावर जाईजुई, तुळशीवृंदावनाच्या अंगाला मोगरा, भिंतीकडेला प्राजक्त आणि जागा उरेल तेथे गुलछडी. केवळ पाहण्यासाठी व वासासाठी, एका लांब पट्टीत ऋतुक्रमाने उमलतील अशी फुले लावण्याची कल्पना आपल्याकडे मागाहून आली. इंग्रजीत तिला ‘बॉर्डर’ म्हणतात. मराठीत ‘ताटवा’ हा सुंदर शब्द आहे. तोच आम्ही येथे योजीत आहोत.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचा वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली आणि चार पिढ्यांनंतर आम्ही शहराच्या कडेला एका लहान घरात राहावयास आलो. पूर्वेच्या कुंपणभिंतीलगत तीस फूट लांब व चार फूट रुंद अशी पट्टी मोकळी होती. तीत सुगंधी लिलींचा ताटवा करावा असे आमच्या मनाने घेतले. थोरल्या वहिनींचे म्हणणे निराळे होते. वाडा सोडताना त्यांनी अंगणातले गुलछडीचे कंद गोणपाटाच्या पिशवीत भरून आणले होते. “भाऊजी, सासूबाईंच्या हातचे आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही इंग्रजी बागांच्या पुस्तकांनी भारावलेले. गुलछडी काय, हारवाल्याकडे ढिगाने मिळते, असे म्हणून आम्ही विषय मिटवला. वहिनींनी ते कंद मुकाट्याने मागल्या दारी फुटक्या बादल्यांत लावले.

आमच्या लिली पहिल्या हिवाळ्यात अपूर्व फुलल्या. दुसऱ्या वर्षी तीनच कोंब वर आले आणि फूल एकही नाही. पावसाळ्यानंतर उकरून पाहिले तो कंदांचा लगदा झालेला. कंद देणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. दोष होता तो आमच्या अज्ञानाचा, आणि तो घालवण्याच्या खटपटीत जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम लिली म्हणजे काय, हे पाहू. आपण ज्यांना सरसकट लिली म्हणतो त्यांतल्या पुष्कळ वनस्पती खऱ्या लिली नव्हेत. पहिल्या पावसात उमलणारी गुलाबी-पांढरी ‘रेन लिली’, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची ‘स्पायडर लिली’, कुंडीतली लाल तुतारी, या सगळ्या नर्गिसाच्या कुळातल्या. सोनटक्क्याला इंग्रजीत ‘जिंजर लिली’ म्हणतात, पण तो आल्याचा भाऊबंद. खरी लिली म्हणजे ‘लिलियम’ ही प्रजाती. तिच्या सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या, बहुतेक थंड अथवा डोंगराळ प्रदेशांतल्या. तिचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांनी झाकलेला नसतो. सुट्या खवल्यांचा, उघडा असतो. त्यामुळे तो लवकर सुकतो, लवकर कुजतो, आणि पूर्ण झोपी असा कधी जातच नाही.

या कुळातली माणसाच्या सर्वांत जुन्या ओळखीची म्हणजे पांढरी ‘मॅडोना लिली’. क्रीट बेटावर अम्निसोस येथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या भिंतींवर लिलीची चित्रे सापडली आहेत. पुढे ख्रिस्ती चित्रकलेत हे फूल मेरीच्या पावित्र्याचे चिन्ह झाले आणि युरोपच्या मठांतून व खेड्यांतल्या अंगणांतून पसरले. तेथे ते जवळजवळ आपल्या तुळशीसारखे घरचे होते.

त्या अंगणांची थोरवी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांनी ओळखली. तत्पूर्वीच्या श्रीमंती बागांत काचघरात वाढवलेली रोपे हंगामापुरती आणून गालिच्यासारखी मांडीत व हंगाम सरताच उपटून टाकीत. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या ‘द गार्डन’ या साप्ताहिकातून आणि १८८३ च्या ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ या ग्रंथातून या पद्धतीवर कडक टीका केली. वर्षानुवर्षे जागेवर टिकणारी, आपापल्या ऋतूत फुलणारी झाडे लावा, हे त्यांचे सांगणे. गर्ट्रूड जेकिल या चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या बाईंनी त्याला रंगसंगतीची दृष्टी दिली. त्यांचे ‘लिलीज फॉर इंग्लिश गार्डन्स’ हे पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध झाले.

हा वारा बडोद्यापर्यंत पोचला होता, हे आपल्यांतल्या अनेकांना ठाऊक नसेल. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेची आखणी ज्या विल्यम गोल्डरिंग यांनी केली, ते क्यू उद्यानात काम करून पुढे रॉबिन्सन यांच्याच ‘द गार्डन’मध्ये लिहीत असत. १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांनी क्यूहून गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञांना बडोद्यास आणले. तेच पुढे १९०८ साली बंगळूरच्या लालबागेत गेले. कमाटी बाग १८७९ पासूनची. तेव्हा फुलांचा ताटवा पाहत फिरणे ही गोष्ट बडोदेकर मराठी कुटुंबांना शतकाहून अधिक काळ परिचयाची आहे. आमचा हट्ट अगदीच उपरा नव्हता, एवढे समाधान आम्ही करून घेतले.

आता लिलीच्या मोहाचा दुसरा अध्याय. १८६२ साली लंडनमध्ये जपानची सोनपट्ट्यांची लिली, ‘ऑरेटम’, प्रथम प्रदर्शित झाली. थाळीएवढे फूल, पांढऱ्या पाकळीवर सोनेरी पट्टा आणि भरगच्च सुगंध. इंग्लंडात तिचे वेड लागले. पुढील काही दशके जपानहून मोठ्या संख्येने कंद येत राहिले आणि बागांत वर्षा-दोन वर्षांत मरत राहिले. पुढे कारण उलगडले. एक तर बुडखा कुजवणारी बुरशी. दुसरा विषाणू, जो मावा ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ठिपक्यांची केशरी ‘टायगर लिली’ हा विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट दिसते. म्हणून ती सुगंधी लिलींच्या शेजारी लावू नये, हा जाणत्यांचा पहिला दंडक झाला.

तिसऱ्या अध्यायाचा नायक अर्नेस्ट हेन्री विल्सन. चीनमधील सेचवान प्रांतात मिन नदीच्या उंच, वाऱ्याने झोडपलेल्या दरीत १९०३ साली त्याने एक लिली पाहिली. बाहेरून जांभळट छटा, आत पांढरी, कंठाशी पिवळी. तिचे पुरेसे कंद आणण्यासाठी तो १९१० मध्ये पुन्हा त्या दरीत गेला. कंदांची व्यवस्था लावून परतताना अरुंद डोंगरवाटेवर दरड कोसळली आणि त्याचा पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या काठ्या पायाला बांधून तो वाटेवर पडला असता समोरून खेचरांचा तांडा आला. वाट इतकी चिंचोळी की मागे वळणे अशक्य. तेव्हा खेचरे एकामागून एक त्याच्या अंगावरून पाय उचलून गेली, आणि एकाचाही खूर त्याला लागला नाही. पाय वाचला, पण थोडा आखूड राहिला; त्या लंगडण्याला तो पुढे कौतुकाने लिलीचेच नाव देत असे. चिकणमातीत लपेटून कोळशाच्या भुकटीत बांधलेले ते हजारो कंद अमेरिकेत बोस्टनला सुखरूप पोचले, आणि १९१२ मध्ये या लिलीला ‘रीगल’, म्हणजे राजस, हे नाव मिळाले. ती बियांपासून दोन-तीन वर्षांत फुलते आणि विषाणू बियांतून उतरत नाही. त्यामुळे निरोगी रोपे कोणालाही तयार करता येऊ लागली. ऑरेटमचे जे झाले ते हिचे झाले नाही, याचे हेही एक कारण.

या तीन अध्यायांतून लावणीचे नियम आपोआप निघतात. लिलीच्या कंदाखाली पाणी क्षणभरही तुंबू नये. म्हणून तळाशी वाळूचा थर द्यावा. रीगल, ऑरेटम अशा लिलींना कंदाच्या वर, दांड्यालाही मुळे फुटतात. म्हणून त्या सहा ते आठ इंच खोल लावाव्यात. मॅडोनाला दांड्यावर मुळे नसतात. तिच्या कंदावर इंचभर माती पुरे, खोल पुरली तर ती रुसते. शेंडा उन्हात आणि बुंधा सावलीत राहील असे ठिंगणे सोबती भोवती असावेत. आणि लिली सुट्या सुट्या न लावता पाच-सातांच्या पुंजक्याने लावाव्यात. पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांचा सुगंध संध्याकाळी दाटतो, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे निशाचर पतंग. म्हणून असा पुंजका बसण्याच्या जागेजवळ, वारा जेथून येतो त्या अंगाला असावा.

आमच्या पट्टीत हे सारे नियम पाळूनही लिली टिकली नसती. तिच्या कंदाला हिवाळ्याची खरी थंडी लागते. बाजारातले कंद शीतगृहात ती थंडी खाऊन आलेले असतात आणि त्या शिदोरीवर एकदा फुलतात. पुढे बडोद्याचा बेचाळीस अंशांचा मे महिना आणि काळ्या मातीत साचणारा पाऊस. तेथे त्या उघड्या कंदाचा निभाव लागत नाही. भारतातही खऱ्या लिली आहेत, पण त्या उंचावर. निलगिरी व पळणीच्या डोंगरांतली लांब पांढरी सुगंधी लिली ही या प्रजातीतली निसर्गतः सर्वांत दक्षिणेकडची. मणिपुरातील शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिली १९४६ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना आढळली आणि तिला त्यांच्या पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून नाव मिळाले. दोघीही मैदानात उतरायला तयार नाहीत.

येथे आम्हांला मागल्या दारच्या बादल्यांची आठवण झाली. गुलछडी, निशिगंध, हिंदीत रजनीगंधा किंवा गुलशब्बो, हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्यांची नेलसंपेंगा, बेळगावकडे कानडीत सुगंधराज. इतकी आपली वाटणारी ही वनस्पती मूळची मेक्सिकोची. कोलंबसाच्या आधीपासून तेथील लोक ती लावीत. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत तिचे नाव ‘हाडफूल’ अशा अर्थाचे आहे. सोळाव्या शतकात ती स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात आली. चौदाव्या लुईच्या त्रियानों बागेत ती इतकी लावली होती की वासाने माणसे बेजार होत. इंग्रजीतले तिचे ‘ट्यूबरोज’ हे नावही फसवे. ती गुलाब नव्हे, लिलीही नव्हे. २०२० मध्ये तर शास्त्रज्ञांनी तिला अगेव्ह प्रजातीत, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या पंक्तीला बसवले. ऊन सोसण्याचे तिचे बळ कोठून आले, हे त्यावरून उमगते. बंगळूरच्या उद्यानसंशोधन संस्थेने एकेरी व दुहेरी गुलछडीच्या संकरातून ‘शृंगार’, आणि ‘शृंगार’पासून पुढे ‘प्रज्वल’ हे वाण काढले. ते उत्तम आहेत, पण आमच्या बादल्यांत होती ती जुनी एकेरी पांढरी. अत्तरासाठी अर्क काढतात तो एकेरीचाच.

एप्रिलमध्ये आम्ही पट्टी दोन फूट खणली. माती, वाळू व शेणखत मिसळून ताटवा जमिनीपेक्षा वीतभर उंच केला. वहिनींनी बादल्या उपड्या केल्या आणि अंगठ्याहून जाड कंद निवडून दोन-अडीच इंच खोल, वीतभर अंतराने, टोक वर करून लावले. ओलसर, अर्ध्या सावलीच्या कोपऱ्यात सोनटक्का लावला. श्रावणात पहिली छडी आली. दिवेलागणीला वास ओसरीपर्यंत येऊ लागला आणि वहिनींनी पहिली फुले सासूबाईंच्या तसबिरीला वाहिली.

गुलछडीचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. मग तो संपतो आणि त्याच्या अंगची पिल्ले पुढच्या वर्षी फुलतात. शब्दशः पाहता सासूबाईंच्या हातचा एकही कंद आज उरलेला नाही. आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे पाहता झाड तेच, त्यात कणाचाही पालट नाही. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग आपण तरी काय वेगळे आहोत, भाऊजी?” दांडिया बाजारात राहून चार पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरात या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नव्हती. आम्हांला खंत एवढीच की, जी पिशवी दारात आली होती तिच्याकडे पाहायला आम्हांला क्रीट, लंडन आणि सेचवान अशी प्रदक्षिणा घालावी लागली, आणि तीन पावसाळे गेले.

दर तीन वर्षांनी ताटवा उकरून कंद विरळ करावे लागतात. येत्या उन्हाळ्यात ते काम निघेल आणि पुष्कळ कंद उरतील. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांना हवे असतील त्यांनी चैत्र सरण्यापूर्वी पिशवी घेऊन यावे. पिशवी गोणपाटाची असावी. प्लास्टिकमध्ये कंद घुसमटतात.