चिखल, जीप आणि दोन चकत्या

मागच्या पावसाळ्यात गावी होतो. काकूला सणकून ताप, तालुक्याला न्यायचं, आणि पऱ्याजवळच्या चिखलात काकांचा जुना पिकअप रुतला. फोर व्हीलचा गिअर टाकला, तरी मागचीच चाकं गरगरतायत, पुढची ढिम्म! मी तर 'गिअरबॉक्स गेला' म्हणून मोकळा झालो. काका काही न बोलता उतरले, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवली. गाडी बाहेर.

ही चकती आली कुठून? घरी येऊन शोधत बसलो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला (१९४१) ती नव्हतीच. पुढची चाकं अ‍ॅक्सलला कायमची जोडलेली. त्यामुळे डांबरी रस्त्यावर, लिव्हर टू व्हीलवर असतानाही चाकांमागून पुढचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट अशी सगळी वरात फुकट फिरायची. झिजायची आणि पेट्रोल खायची. लढाईत त्याचं कोणाला काय! पण युद्ध संपल्यावर अमेरिकेत उरलेल्या जिपा सामान्य लोकांकडे आल्या, आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली. सिएटलच्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ च्या सुमारास चाक अ‍ॅक्सलपासून सोडवणारे हब काढले ते यासाठीच.

फक्त, चिखलात उतरून ते लावायला कोणीतरी हवं. पुढे आपोआप लागणारे हबही आले, पण काकांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही.

असो. काकू आता ठणठणीत आहे. तिचं एकच म्हणणं, "पऱ्याच्या अलीकडेच उतरून फिरवायला काय झालं होतं?"