मेल ब्रूक्स यांचे विडंबनपट आणि अमेरिकन पश्चिमेचा इतिहास

प्रस्तावना :
ज्या कलाप्रकाराचे विडंबन करावयाचे, त्याचे संकेत प्रेक्षकांच्या परिचयाचे असणे ही विडंबनाची पहिली अट होय. हॉलिवूडने वेस्टर्नपट व रहस्यपट यांचे संकेत जगभर रूढ केले. अमेरिकन दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांनी ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) व ‘हाय अँक्झायटी’ (१९७७) या चित्रपटांत अनुक्रमे या दोन प्रकारांची थट्टा केली. या थट्टेचे इतिहासाशी असलेले नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रहस्यपटाचे विडंबन :
‘हाय अँक्झायटी’ हा चित्रपट आल्फ्रेड हिचकॉक यांना अर्पण केलेला आहे. त्याचा नायक मानसोपचारतज्ज्ञ असून त्यालाच उंचीची भीती वाटते. ही कल्पना ‘व्हर्टिगो’ (१९५८) वरून घेतली आहे. ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहातील हल्ल्यात येथे सुऱ्याच्या जागी वर्तमानपत्राची गुंडाळी येते व रक्ताऐवजी छपाईची शाई वाहून जाते. ‘द बर्ड्स’ (१९६३) मधील हिंस्र पक्षी येथे नायकावर केवळ विष्ठेचा वर्षाव करतात. भयाची जागा हास्य घेते. परंतु हे विडंबन चित्रपटांच्या जगाबाहेर पडत नाही.

वेस्टर्नपटाचे विडंबन :
‘ब्लेझिंग सॅडल्स’चे कथानक १८७४ मध्ये रॉक रिज या काल्पनिक गावी घडते. रेल्वेमार्गासाठी गाव रिकामे व्हावे म्हणून एक कारस्थानी अधिकारी बार्ट या कृष्णवर्णीयाची तेथे शेरीफ म्हणून नेमणूक घडवून आणतो. बार्ट निघतो तेव्हा भर वाळवंटात काउंट बेसी यांचा जॅझ वाद्यवृंद वाजत असतो. अखेरची मारामारी तर भिंत फोडून शेजारच्या नृत्यपटाच्या सेटवर पोहोचते आणि नायक चित्रपटगृहात बसून आपल्याच चित्रपटाचा शेवट पाहतात.

वाळवंटातील जॅझ ही केवळ कल्पना होय. कृष्णवर्णीय शेरीफ मात्र तितका काल्पनिक नाही. गुलामगिरीत जन्मलेले बास रीव्ह्ज १८७५ मध्ये केंद्र शासनाचे उपमार्शल झाले व आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात त्यांनी सुमारे तीन दशके गुन्हेगारांचा पाठलाग केला. गुलामगिरीतून मुक्त झालेले नॅट लव्ह हे गुराखी म्हणून वावरले. त्यांचे आत्मचरित्र १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर वेस्टर्नपटांच्या पडद्यावर मात्र अशा व्यक्तींना क्वचितच स्थान मिळाले.

निष्कर्ष :
नागरी हक्क कायद्यानंतर (१९६४) दहा वर्षांनी आलेल्या या चित्रपटात प्रेक्षक ज्या विसंगतीला हसले, ती विसंगती इतिहासात नव्हती. ती गंभीर वेस्टर्नपटांनी प्रेक्षकांच्या मनात निर्माण केलेली होती. म्हणूनच भूतकाळाचा शोध घेताना गंभीर कृतीइतकीच विनोदी कृतीही साधन म्हणून तपासली पाहिजे. समाजाने काय विसरले, हे पुष्कळदा त्याच्या हसण्यावरून कळते.