क्लोआका
बेल्जियन कलावंत विम डेल्व्हॉय (जन्म 1965) यांची मानवी पचनसंस्थेवर बेतलेली यंत्रशिल्पमालिका. यातले पहिले शिल्प 2000 मध्ये अँटवर्पच्या समकालीन कला संग्रहालयात मांडले गेले. एका टोकाने खरेखुरे जेवण घ्यायचे, ते पचवायचे आणि दुसऱ्या टोकाने विष्ठा टाकायची, एवढेच त्याचे काम.

हे पहिले यंत्र सुमारे 12 मी. लांब होते. दातांच्या जागी दळणी आणि पुढे नळ्यांनी जोडलेली काचेची सहा पात्रे अशी त्याची मांडणी. दळलेले अन्न पंपांच्या जोरावर एका पात्रातून दुसऱ्यात सरकते. जठराच्या टप्प्यावर त्यात आम्ल व पेप्सिन मिसळते, पुढे स्वादुपिंडातली विकरे येतात आणि मोठ्या आतड्याचे काम जिवंत जीवाणू करतात. तापमान 37° से. राखावे लागते, त्यावर संगणकाची नजर असते. जीवाणू जगवायचे तर यंत्राला उपाशी ठेवून चालत नाही. पात्रांत तपकिरी होत जाणारा लगदा बाहेरून स्वच्छ दिसतो, आणि दर्शकाला दुर्गंधीही सोसावी लागते.

या कल्पनेचा पूर्वज म्हणजे फ्रेंच यंत्रकार झाक द व्होकांसाँ यांचे 1739 मधील यांत्रिक बदक. ते दाणे टिपून विष्ठा टाकी. पण ती विष्ठा आधीच पोटात भरून ठेवलेली असे. क्लोआकात अशी हातचलाखी नाही. उणीव आहे ती शोषणाची: पचलेले अन्न रक्तात जाऊन कुणाला पोसत नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही नक्कल इथेच अपुरी पडते. कलाकृती म्हणून मात्र तिचा डंख नेमका इथेच आहे. एवढी विद्या आणि एवढा पैसा ओतून हाती काय येते, तर विष्ठा!

डेल्व्हॉय यांनी तीही हवाबंद पाकिटांत घालून विकली. फोर्ड आणि कोका-कोला यांच्या बोधचिन्हांचे विडंबन करून त्यांनी क्लोआकाचे चिन्ह घडवले. बाजाराची ही टवाळी करता करता कलावंताने त्याच बाजारात कमाईही केली, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

2002 मध्ये न्यू यॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये हे शिल्प दाखवले गेले. पुढे क्लोआका टर्बो, सुपर क्लोआका, मिनी क्लोआका अशी लहानमोठी रूपे झाली. ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे 2011 मध्ये उघडलेल्या मोना संग्रहालयात क्लोआका प्रोफेशनल आहे. तिथे काचपात्रे छतापासून टांगलेली असून यंत्राला दिवसातून दोनदा खाऊ घालतात.