आदर्श आचारसंहिता, निवडणुकीची (मीरा-भाईंदर)

निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत राजकीय पक्षांनी, उमेदवारांनी आणि सत्तेवरच्या सरकारने कसे वागावे याचे नियम म्हणजे आदर्श आचारसंहिता. बोलीत ती ‘लागते’ आणि ‘उठते’. ठाणे जिल्ह्यातल्या मीरा-भाईंदर शहरात ती 22 महिन्यांत तीनदा लागली. लोकसभेची 16 मार्च 2024 रोजी लागली आणि निकाल 4 जूनला आला. विधानसभेची 15 ऑक्टोबर 2024 रोजी लागली, निकाल 23 नोव्हेंबरला. महापालिकेची 15 डिसेंबर 2025 रोजी लागली आणि निकाल 16 जानेवारी 2026 रोजी. घोषणेच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत मोजले तर एकूण 154 दिवस होतात. ‘आचारसंहिता आहे, नंतर या’ हे वाक्य या शहराच्या कानावरून किती वेळा गेले असेल, त्याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

या तीन आचारसंहिता एकाच कार्यालयातून आलेल्या नाहीत. लोकसभा आणि विधानसभेची भारत निवडणूक आयोगाची असते. महापालिकेची राज्य निवडणूक आयोगाची असते. 74 व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या अनुच्छेद 243 झेडए प्रमाणे नगरपालिका-महापालिकांच्या निवडणुका घेण्याचा अधिकार या दुसऱ्या आयोगाकडे आहे. महाराष्ट्रात तो 1994 मध्ये स्थापन झाला. आपल्या कार्यक्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाच्या तोडीचे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात म्हटले. मजकुरात दोन्ही संहिता बऱ्याचशा सारख्या आहेत, कायद्याचा आधार मात्र वेगळा आहे. वरच्या निवडणुकांना लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 लागू होतो, महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949. नाक्यावर तक्रार करणाऱ्या कार्यकर्त्याला हा फरक सहसा ठाऊक नसतो.

आचारसंहितेचा उगम केरळात आहे. 1960 च्या विधानसभा निवडणुकीत तिथल्या पक्षांनी सभा, मिरवणुका, घोषणा यांबद्दल आपसांत काही संकेत ठरवले. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत आयोगाने ते देशभरच्या पक्षांपुढे ठेवले. सत्ताधारी पक्षाबद्दलचा भाग 1979 मध्ये जोडला गेला, आणि खरे दात तिथे आहेत. 1990 च्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ते दाखवायला सुरुवात केली. जाहीरनाम्यांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर आला.

आचारसंहिता लागल्याचे शहराला भिंतींवरून कळते. भारत निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे सरकारी इमारतींवरची राजकीय जाहिरात 24 तासांत, सार्वजनिक जागांवरची 48 तासांत आणि खासगी जागेवरची विनापरवाना जाहिरात 72 तासांत उतरवायची असते. एरवी मीरा रोडच्या चौकात वाढदिवसाच्या फलकांना जागा पुरत नाही. दोन दिवसांत तिथे बांबूचे मोकळे सांगाडे उरतात, आणि मागे एक झाड होते हे लोकांच्या लक्षात येते. फलकांसाठी स्वतंत्र कायदाही आहे. मालमत्तेच्या विरूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम 1995 चा आहे आणि तो बारा महिने लागू असतो. तो नेमका याच दिवसांत कसा आठवतो, हे सांगणे अवघड नाही. कोनशिलांवर कागद चिकटवतात, बाकांवरची ‘यांच्या निधीतून’ ही ओळ रंगाने पुसतात, पालिकेच्या पाण्याच्या टँकरवरचे नाव झाकतात. आदल्या दिवसापर्यंत नारळ फुटत असतात. घोषणेच्या आधीच्या आठवड्यात भूमिपूजनांची घाई उडते ती यामुळेच. काम आधी सुरू झाले असेल तर ते चालू राहते. नवे काम, नवी घोषणा, नवा निधी थांबतो.

सत्ताधारी पक्षाबद्दलच्या भागाची मीरा-भाईंदरमध्ये एक विचित्र परीक्षा झाली. 1985 मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महापालिका झाली. 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने आधी मे 2025 मध्ये आणि मग सप्टेंबरमध्ये शेवटची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे ती लागली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. महापौर नाही, स्थायी समिती नाही, म्हणजे महापालिकेत औपचारिक अर्थाने सत्ताधारी पक्षच नाही. निधी मात्र मंत्रालयातून येत होता आणि त्याचे श्रेय आमदार-मंत्री घेत होते. अशा वेळी बंधन खरे पडते ते राज्य सरकारवर. त्याचे उदाहरण जानेवारी 2026 मध्ये दिसले. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पैसे मतदानाच्या तोंडावर खात्यात पडणार, अशी तक्रार काँग्रेसने केली. नियमित किंवा प्रलंबित हप्ता देता येईल, जानेवारीचा हप्ता आगाऊ देता येणार नाही, असे राज्य निवडणूक आयोगाने सांगितले. निकष जुनाच होता: चालू योजना चालू राहते, तिला निवडणुकीसाठी धाव घ्यायला लावता येत नाही.

धर्म आणि जात यांच्या नावाने मत मागू नये, हे कलम या शहरात सर्वांत जास्त ताणले जाते. इथे उत्तन-डोंगरीचे कोळी आणि ख्रिस्ती, राई-मुर्ध्याचे आगरी, भाईंदर पश्चिमेचे गुजराती-मारवाडी जैन, नया नगरचे मुसलमान, शिवाय उत्तर भारतीय आणि कोकणातून आलेले मराठी लोक राहतात. गल्लीगणिक भाषा बदलते, आणि उमेदवारी त्या नकाशाकडे बघूनच दिली जाते. 20 ऑगस्ट 2017 च्या निवडणुकीत, पर्युषणाच्या दिवसांत, एका जैन मुनींच्या आवाहनाची चित्रफीत फिरली. हे धर्माच्या नावाने भाजपला मत मागणे आहे, अशी तक्रार शिवसेनेने आयोगाकडे नेली. शिवसेना नेत्यांनी मुनींवर केलेल्या टीकेमुळे जैन समाजातही संताप उसळला. 95 पैकी 61 जागा भाजपला मिळाल्या, 22 शिवसेनेला. चित्रफितीने किती मते फिरली हे कोणी मोजू शकत नाही. मात्र ती व्यासपीठावरून आलेली नव्हती, मोबाइलवरून मोबाइलवर गेली होती. सभेचा परवाना तपासणाऱ्या यंत्रणेच्या हातात अशी गोष्ट येईपर्यंत ती शहरभर पोचलेली असते.

योगायोग असा, की त्याच वर्षी 2 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी अभिराम सिंह खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कायद्यातली हीच मनाई रुंद केली होती. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 123(3) मधला ‘त्याचा’ धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा नव्हे, मतदाराचाही, असा तो निकाल. ते प्रकरण मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातले, 1990 च्या निवडणुकीतले. निर्णय येईपर्यंत 27 वर्षे सरली. त्याहून गाजलेले प्रकरण विलेपार्ल्याचे. 1987 च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातल्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे त्या प्रचारात भाषणे करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. ही शिक्षा आचारसंहितेने दिलेली नव्हती, कायद्याने दिलेली होती. दोहोंतला फरक इथे नीट दिसतो.

आचारसंहिता हा कायदा नाही. तिचा भंग झाला म्हणून थेट तुरुंग नाही. आयोग नोटीस देतो, समज देतो, काही तास प्रचारबंदी घालतो. गुन्हा दाखल होतो तो दुसऱ्या कायद्याखाली: लाच असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 व 173 खाली, छापील पत्रकावर मुद्रकाचे नाव नसेल तर त्या त्या निवडणूक कायद्याखाली, रात्री दहानंतर भोंगा वाजला तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांखाली. तिला कायद्याचे रूप द्यावे, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये केली होती. आयोगाला ते नको होते, कारण निवडणूक उरकते 45 दिवसांच्या आसपास आणि खटला चालतो वर्षानुवर्षे. सांताक्रूझचा निकाल पाहता आयोगाचे म्हणणे खोडणे कठीण जाते.

पैशांवरची नजर बरीच बारीक असते. नाक्यांवर स्थिर सर्वेक्षण पथके, रस्त्यावर भरारी पथके, सभेत चित्रीकरण पथक. लोकसभा-विधानसभेला उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत 50 हजारांपेक्षा जास्त रोकड किंवा 10 हजारांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू सापडल्या तर त्या जप्त होतात. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. चहा, वडापाव, खुर्ची, फेटा यांचे दर आधीच ठरवून दिलेले असतात आणि मांडवातल्या खुर्च्या खरोखर मोजल्या जातात. महापालिकेत चार जणांचे पॅनेल एकाच रिक्षावरून प्रचार करते, तेव्हा रिक्षाचे भाडे चौघांच्या खात्यात वाटायचे, हा हिशेबनिसाचा नेहमीचा उद्योग.

ज्याला दरपत्रक नाही ते निसटते. मीरा-भाईंदर हे गृहनिर्माण सोसायट्यांचे शहर आहे, आणि सोसायटी म्हणजे एका सहीमागे शेकडो मते. पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी, सीसीटीव्ही, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचे शब्द समितीच्या बैठकीत दिले जातात, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात उमेदवाराचे नाव नसते. 2026 मध्ये आणखी एक पेच आला. मतदान 15 जानेवारीला, संक्रांत 14 ला. हळदीकुंकू हा घरगुती समारंभ; पण वाण म्हणून स्टीलचा डबा आणि डब्यावर कमळ, पंजा किंवा धनुष्यबाण असेल तर ते वाण की आमिष? चिन्ह नसलेला डबा देणारीला सगळी गल्ली ओळखत असेल तर काय? नियमाप्रमाणे मतदारांना वस्तू वाटणे हे आमिषच, आणि तिळगूळ मोजायला कोणी बसत नाही.

जाहीर प्रचार 13 जानेवारीला सायंकाळी 5.30 वाजता थांबला. त्यानंतरही उमेदवाराला घरोघरी भेटी देता येतील, असा खुलासा राज्य आयोगाने केला आणि विरोधी पक्षांनी त्यावर टीकेची झोड उठवली. भोंगे बंद झालेल्या त्या दोन रात्रींत सोसायट्यांच्या फाटकांवर चपलांचे ढीग वाढले. सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत ‘कोणाकडे’ या रकान्यात ‘सगळ्यांकडे’ असे लिहिलेले राहिले.