यूएसबी साउंड कार्ड (सिंगल-बोर्ड लिनक्स संगणकावरील)

यूएसबी साउंड कार्ड : यूएसबी खोबणीत बसणारे, आवाजाचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे छोटे उपकरण. सारी यंत्रणा एकाच पाटीवर मांडलेल्या रास्पबेरी पायसारख्या संगणकाला ते बाहेरून जोडावे लागते. कारण २०१२ साली विक्रीला आलेल्या पहिल्या पायपासून आजवरच्या कोणत्याही पायवर माइकची खोबण नाही. हेडफोनची खोबण बऱ्याच पाट्यांवर होती, पण २०२३ च्या पाय ५ वर तीही राहिली नाही. त्या खोबणीतला आवाज बातम्या ऐकायला पुरेसा होता, तंबोरा ऐकायला नव्हे.

तंबोऱ्याचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे. सातारा-सांगली पट्ट्यात आवाज जपण्यासारखा आहे आणि तो जपण्याची परंपराही आहे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून चालू आहे. माणदेशातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले, तर जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून हे कारागीर पुढे आले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एखाद्या शाळेला, भजनी मंडळाला किंवा वाद्यकारागिराला हे आवाज स्वतः टिपून ठेवायचे असतील, तर लहानसा संगणक, साउंड कार्ड आणि एक बरा माइक एवढ्यावर काम भागते. मात्र कार्ड ‘चालू होणे’ आणि आवाज नीट येणे यांत बरेच अंतर आहे.

कार्ड चालू होणे सोपे आहे. यूएसबीवरून ध्वनी कसा पाठवायचा याचा सामाईक संकेत १९९८ मध्येच ठरला. तो पाळणारे कार्ड कोणत्याही कंपनीचे असले, तरी लिनक्समधला ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ हा एकच ड्रायव्हर ते ओळखतो. ध्वनीचा कारभार पाहणारी ‘अल्सा’ ही प्रणाली यारोस्लाव्ह किसेला यांनी सुरू केली आणि २००३ च्या २.६ कर्नेलपासून ती लिनक्समध्ये रुळली. कार्ड लावल्यावर ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या यादीत ते दिसते का, हे आधी पाहावे. मग ‘एप्ले’ आणि ‘एरेकॉर्ड’ यांच्या याद्यांत ऐकवण्याची आणि टिपण्याची अशा दोन्ही बाजू आल्या आहेत का, ते तपासावे. पहिल्याच यादीत कार्ड नसेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याचा किंवा जोडणीचा असतो. सेटिंग बदलत बसू नये.

पहिली खरी अडचण क्रमांकाची. अल्सा प्रत्येक कार्डाला शून्यापासून क्रमांक देते. एचडीएमआयचे ध्वनिमार्गही त्याच रांगेत असतात आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर रांग बदलू शकते. काल एक क्रमांकावर असलेले कार्ड आज दोनवर जाते आणि नीट चाललेली आज्ञा मुकी होते. म्हणून ‘एसाउंड डॉट कॉन्फ’ या फाइलीत कार्डाचा क्रमांक न लिहिता नाव लिहावे. स्वस्त कार्डे आपले नाव नुसते ‘डिव्हाइस’ एवढेच सांगतात, तरी तेही क्रमांकापेक्षा भरवशाचे. जुन्या रास्पबियनमध्ये यूएसबी कार्डाला पहिला क्रमांक मिळू नये अशी ओळच घातलेली असे. ती बदलण्याचा सल्ला अजून फिरत असतो, पण नावाने काम केले की त्याची गरज उरत नाही. २०२३ पासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत डेस्कटॉपवरचा ध्वनी ‘पाइपवायर’ सांभाळते. पडदा न जोडता, लॉगिनशिवाय आपोआप चालणाऱ्या यंत्रावर मात्र थेट अल्सा बरी. अशा वेळी कार्यक्रम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, तो ‘ऑडिओ’ गटात हवा.

दुसरी बाब नमुन्यांच्या वेगाची. सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन टिपलेला आवाज ४४,१०० च्या वेगाने वाजवला, तर स्वर सुमारे दीड पट्टी उतरतो : काळी एकचा तंबोरा पांढरी एक आणि पांढरी सात यांच्या मधोमध, पेटीवर न सापडणाऱ्या जागी जाऊन बसतो. अल्सात ‘एचडब्ल्यू’ने कार्ड मागितले तर कार्डाला जमणारा वेगच मिळतो आणि ‘प्लगएचडब्ल्यू’ने मागितले तर मधल्या मध्ये रूपांतर होते. टिपताना पहिला मार्ग घ्यावा, म्हणजे काय टिपले जात आहे ते नक्की कळते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते आवाजाच्या पातळीकडे. ‘अल्सामिक्सर’मध्ये एफ६ दाबून कार्ड निवडता येते आणि एफ४ ने माइकची बाजू उघडते. सीएम१०८ सारख्या चिपवरच्या स्वस्त कार्डांत ‘ऑटो गेन कंट्रोल’ नावाची कळ असते. आवाज कमी झाला की ती आपणहून तो वाढवते. फोनवरच्या बोलण्याला हे सोयीचे आहे, तंबोऱ्याला घातक. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद घोडीच्या किंचित वक्र माथ्यावरून घासत उलगडतो, वरचे स्वरांश एकामागून एक खुलतात आणि विरत जातात. घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा धागा सरकवून कारागीर हीच जवारी जुळवतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर लिहिले, ते याच गुणाबद्दल. ऑटो गेन चालू असेल तर विरणारा नाद जबरदस्तीने वर ओढला जातो, त्याच्याबरोबर खोलीतला पंखाही वर येतो आणि जवारीचा उलगडा सपाट होतो. ती कळ बंद करावी, पातळी हाताने लावावी आणि ‘अल्सासीटीएल’च्या ‘स्टोअर’ आज्ञेने ती जतन करावी. मुलाखतीलाही हेच लागू आहे : म्हातारी ओवी म्हणताना मध्ये थांबते, तो थांबाही टिपायचा असतो.

या कार्डांची माइक-खोबण छोट्या कंडेन्सर माइकला लागणारा थोडासा विद्युतदाब देते. स्टुडिओतल्या माइकला लागणारे ४८ व्होल्ट तिच्यात नसतात. मिक्सरची भरदार लाइन थेट तिच्यात दिली तर आवाज फाटतो. अशा वेळी लाइन-इन असलेले कार्ड घ्यावे. किमतीतला फरक सार्थकी लागतो.

घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचा १०० हर्ट्झचा पडसाद टिपण्यात शिरतात. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर, म्हणजे या दोहोंच्या मधेच बोलतो, त्यामुळे गुणगुण नंतर गाळायला गेले तर खर्जाचा भारदस्तपणाही उणावतो. संगणक चांगल्या पॉवर बँकेवर चालवला तर बहुतेक वेळा गुणगुण मुळातच जाते.

४८,००० नमुने, १६ बिट, एक चॅनेल या मापाने तासाभराच्या आवाजाला सुमारे ३४५ मेगाबाइट जागा लागते. भारनियमनात मध्येच वीज गेली, तर एरेकॉर्डला फाइलीच्या सुरुवातीची लांबीची नोंद पुरी करता येत नाही आणि टिपलेले असूनही ते नीट उघडत नाही. लांब बैठक टिपताना ‘मॅक्स-फाइल-टाइम’ हा पर्याय वापरून दर दहा मिनिटांची वेगळी फाइल करावी. वीज गेलीच, तर अडते ती फक्त शेवटची फाइल.