नाशिकचा मुडदूस, मद्रासचा क्षय आणि तुलनेचा प्रश्न

पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी ‘आहार आणि अमुक आजार’ हा विषय हमखास डोक्यात येतो. सोपा वाटतो ना? दोनशे रुग्ण घ्यायचे, काय खाता ते विचारायचं, रक्त काढायचं, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं. मग कमिटीतले एक सर शांतपणे विचारतात, “तुलना कुणाशी करणार?” आणि तिथेच गाडी अडते.

आज याच प्रश्नाचा इतिहास सांगतो. विषय फुप्फुसं, हाडं आणि आहार. सुरुवात आमच्या नगर जिल्ह्याच्या (कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) शेजारी, म्हणजे नाशिकला.

साल १९२२. ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हचिसन आणि शहा या दोघांचा एक पेपर आला, विषय मुडदूस. लहान मुलांची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, बरगड्यांवर गाठी येतात, तो आजार. तेव्हा युरोपात हा गरिबांचा, शहरी गल्लीबोळांतल्या मुलांचा आजार समजला जायचा. तो का होतो यावर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जोरदार भांडण चालू होतं. लंडनकडच्या मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना निकृष्ट खाणं देऊन मुडदूस आणून दाखवला होता आणि कॉड माशाच्या तेलाने तो टाळूनही दाखवला होता. म्हणजे आहाराचा दोष. ग्लासगोच्या मंडळींचं म्हणणं वेगळं होतं: मुलं कोंदट घरात कोंडली जातात, मोकळी हवा आणि हालचाल नाही, म्हणून होतो. दोन्हीकडे पुरावा, दोन्हीकडे मोठी नावं.

आता अडचण बघा. ग्लासगोतलं गरीब मूल निकृष्ट खातंही आणि अंधाऱ्या खोलीत राहतंही. दोन कारणं एकाच घरात नांदतात. यातलं खरं कोणतं, हे त्या घराकडे कितीही वेळ बघून कळणार नाही. यालाच आपण पुस्तकात कन्फाउंडिंग म्हणून पाठ करतो. मेलनबींचा प्रयोगही यातून सुटला नव्हता, कारण त्यांची पिल्लं घरात ठेवलेली होती, उन्हाबाहेर.

नाशिकमध्ये ही गाठ आपोआप सुटलेली होती. खात्यापित्या घरांतल्या, पडदा पाळणाऱ्या स्त्रिया माजघरात राहायच्या आणि त्यांची तान्ही मुलंही आतच. दूध, तूप, सगळं घरात. याउलट कष्टकरी बाया मुलाला पाठीशी नाहीतर झोळीत घेऊन शेतावर, कामावर जायच्या. त्यांचं जेवण अगदीच बेताचं, दूध-तूप नावालाच. जुन्या समजुतीप्रमाणे मुडदूस या दुसऱ्या घरांत दिसायला हवा होता. दिसला पहिल्या घरांत. चांगलं खाणाऱ्या, पण ऊन न पाहिलेल्या मुलांत. वयात येणाऱ्या मुलींत आणि बायकांतही हाडं मऊ पडण्याचा आजार पडद्याच्या आड सापडला.

मला हा पेपर आवडतो तो यासाठी की त्यात कुणी काही ‘दिलं’ नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. समाजानेच श्रीमंती आणि ऊन यांची फारकत करून ठेवली होती. लेखकांना ती दिसली. (एक जातीने, रूढीने बांधलेला समाज संशोधकाला आयता कंट्रोल ग्रुप पुरवतो, हे वाचताना थोडं कसंनुसंही होतं, ते वेगळं.)

मग मेलनबी चुकले का? नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड लिव्हर ऑइल गरम करून त्यातून हवा सोडली. त्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व मेलं, तरी मुडदूस बरा करण्याची ताकद शिल्लक राहिली. म्हणजे तेलात आणखी काहीतरी आहे, आणि त्याला ‘डी’ नाव मिळालं. तिकडे व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिवाळ्यात ज्या बाळांना तेल मिळत नाही त्यांना मुडदूस होतो. उन्हाळ्यात मात्र तेल द्या न द्या, बाळं ठणठणीत. ऊन आणि तेल एकाच दाराच्या दोन किल्ल्या निघाल्या. भांडण मिटलं, कारण प्रश्नच अर्धवट विचारला गेला होता.

आता फुप्फुसांकडे येऊ. ऊन आणि तेल हे दोन्ही उपाय मुडदुसाचं कोडं सुटण्याच्या कितीतरी आधी क्षयाच्या दवाखान्यांत वापरात होते. लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात १८४० च्या दशकातच क्षयरोग्यांना कॉड लिव्हर ऑइल पाजत होते. फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. आपल्याकडे पाचगणीचं बेल एअर, मिरजेचं वानलेस ही नावं घरोघरी माहीत होती. थंड हवा, विश्रांती, दूध, अंडी. तुमच्या आजीला विचारा, ‘टीबी म्हणजे खुराक हवा’ हे वाक्य ती आजही सांगेल.

हे वाक्य खरं की खोटं, हे तपासायची वेळ मद्रासमध्ये आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून १९५६ मध्ये तिथे केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स हे त्यातलं मोठं नाव. तोवर आयसोनियाझिड आणि पीएएस ही औषधं आली होती, पण सॅनेटोरियममध्ये खाटा मूठभर आणि रुग्ण लाखांनी. म्हणून प्रश्न असा ठेवला: तीच औषधं वर्षभर घरी दिली तर चालेल का?

रुग्ण शहरातल्या गरीब वस्त्यांतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियमला जाणार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. सॅनेटोरियमच्या गटाला चांगलं जेवण, विश्रांती, मोकळी हवा. घरच्या गटाला दाटीवाटीची खोली, कमी उष्मांक, कमी प्रथिनं आणि बरं वाटू लागताच परत काम. १९५९ मध्ये निकाल आला: बरं होण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. पुढच्या पाठपुराव्यात घरच्या माणसांनाही त्यामुळे जास्त लागण झाल्याचं दिसलं नाही. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडायला लागली, त्यामागचं हे एक मोठं कारण. आपल्या देशात, आपल्या गरीब रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाने जगाची पद्धत बदलली. हे एमबीबीएसच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं याचा मला राग येतो.

पण त्या निकालाचं पुढे काय झालं, ते नीट बघा. अभ्यासाने सांगितलं होतं की चांगली औषधं नियमित मिळाली तर खुराकाशिवायही जंतू जातो. कार्यक्रम राबवणाऱ्यांच्या डोक्यात उतरलं ते असं: टीबीत आहाराला महत्त्व नाही. ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिलं वाक्य आजार झालेल्या आणि औषध घेणाऱ्या माणसाबद्दल आहे. आजार मुळात कुणाला होतो, याबद्दल मद्रासच्या प्रयोगाने काहीच विचारलं नव्हतं.

ते विचारायला पुढची साठ वर्षं गेली. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने झारखंडमध्ये ‘राशन्स’ हा प्रयोग केला. २०१९ ला सुरुवात, निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णांना सगळीकडेच शिधा दिला. फरक केला तो घरच्यांत: एका गटातल्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या, दुसऱ्या गटातल्यांना नाही. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि संसर्ग पसरवणारा फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. मद्रास खोटं ठरलं का? अजिबात नाही. तुलना बदलली, उत्तर बदललं. आजीचं वाक्य फक्त रुग्णाच्या ताटावरून शेजारी बसलेल्यांच्या ताटावर सरकलं.

इथे कुणीतरी म्हणणार, मग सरळ व्हिटॅमिन डीची गोळी द्या की! २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं होतं की व्हिटॅमिन डीमुळे आपल्या पेशी टीबीच्या जंतूला मारणारं एक प्रथिन बनवतात. पटण्यासारखी गोष्ट. पण मंगोलियात ८८५१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली. जवळजवळ सगळ्यांना कमतरता होती, गोळीने रक्तातली पातळी छान वाढली, आणि टीबीच्या संसर्गात फरक पडला नाही. भारतात, तमिळनाडूच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीतही औषधांच्या जोडीला डी देऊन जंतू लवकर गेले नाहीत. पेशीत जे दिसतं ते गावात दिसेलच असं नाही. आपण सायन्सवाल्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

हाडांचं संशोधन आपल्याकडे पुण्यात बरंच झालंय. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांची पाहणी केली आणि त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर डेक्सा यंत्राने हाडं मोजली. गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळं, मांसाहार असं कॅल्शियम देणारं अन्न वारंवार खाणाऱ्या आयांच्या मुलांची हाडं जास्त भरीव निघाली. २००६ च्या या पेपरात मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं ते म्हणजे त्यांनी वडिलांचीही हाडं मोजली. कारण आई-वडील दणकट असतील तर मूल दणकट होणारच. मग आहाराचं श्रेय किती? तो वाटा वजा केल्यावरही आहाराचा संबंध उरला, म्हणून तो पेपर वजनदार.

नगर जिल्ह्यात तुलनेचा धडा मिळतो जामखेडला. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले तेव्हा लोकांना दवाखान्याआधी अन्न आणि पाणी हवं होतं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि पुढे जगभरातून लोक हे बघायला आले. पण काम करताना शेजारची गावं ‘कंट्रोल’ म्हणून बाजूला ठेवावीत, असं दुष्काळात कोण म्हणेल? त्यामुळे परिणाम मोजायला नंतरच्या संशोधकांना मागे जाऊन तुलनेची गावं निवडावी लागली. २०१० मध्ये त्यांनी लिहिलं की जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आतला मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी होता. यात आहाराचा वाटा किती, लसीचा किती, पाण्याचा किती? ते वेगळं काढता येत नाही.

आता आजचा प्रश्न, जो मला खरंच अस्वस्थ करतो. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत जाणारा आजार, हा बिडी-सिगारेटवाल्यांचा समजला जायचा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की कधीच धूम्रपान न केलेल्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण. तुराट्या, पाचट, गोवऱ्या यांवर चाळीस वर्षं भाकरी थापलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिला दम लागतो. आणि सीओपीडीच्या रुग्णांत हाडं ठिसूळ होण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही माहीत आहे: शरीरातली सततची दाहकता, घटलेलं वजन, थांबलेली हालचाल, पुन्हा पुन्हा घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या.

यात मला नाशिक दिसतं. हीच बाई तरुणपणी कांद्याच्या रानात दिवसभर उन्हात होती. दम लागायला लागल्यावर ती ओसरीवर आली, मग आत. पडदा कुणी लादला नाही, श्वासानेच लादला. तिच्या हाडांची झीज फुप्फुसामुळे, स्टिरॉइडमुळे, पाळी गेल्यामुळे, ताटात दूध नसल्यामुळे की ऊन गेल्यामुळे? सगळी कारणं पुन्हा एकाच घरात, ग्लासगोसारखी. त्यात छातीचा डॉक्टर हाडं बघत नाही आणि हाडांचा डॉक्टर छाती.

यावर कुणी सिनॉप्सिस लिहिणार असाल तर शहरातल्या निरोगी बायका कंट्रोल म्हणून घेऊ नका. सोप्या पडतात म्हणून बरेच जण घेतात. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, चुलीवरच रांधलेल्या पण दम न लागणाऱ्या बायका शोधा. दिवसाकाठी किती तास उन्हात, पदर डोक्यावरून असतो का, पाळी कधी गेली, दम्याची ‘लहान पांढरी गोळी’ किती वेळा घेतली, हे विचारा. डेक्सासाठी मोठ्या गावाला न्यावं लागेल. त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं बजेटमध्ये धरा, नाहीतर सगळ्यात अशक्त बाईच अभ्यासातून गळेल. आणि रक्ताचे नमुने दोन्ही गटांचे एकाच महिन्यात घ्या. एक गट एप्रिलमध्ये आणि दुसरा ऑगस्टमध्ये मोजलात तर तुमच्या तक्त्यात येणारा फरक ढगांचा असेल.