डॅन पॅच

डॅन पॅच (२९ एप्रिल १८९६ – ११ जुलै १९१६) : अमेरिकेतील गाडी-शर्यतींचा विक्रमी घोडा. जात स्टँडर्डब्रेड, रंग गडद कुमैत. या शर्यतींत स्वार घोड्याच्या पाठीवर नसतो. 'सल्की' या हलक्या दोनचाकी गाडीवर बसून तो हाकतो. घोड्याने ठरलेली चाल सोडून चौखूर धाव घेतली, की त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते. चाली दोन : दुडकी, आणि एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम टाकण्याची पेसिंग. मारवाडी व काठेवाडी घोड्यांची रेवाल चाल याच कुळीची. डॅन पॅच पेसर होता. चाल मोडू नये म्हणून पुष्कळ पेसरांच्या पायांत पट्टे अडकवतात. याला त्यांची गरज पडली नाही.

वंश : बाप जो पॅचेन हा काळा, दणकट आणि त्या काळी गाजलेला पेसर, आई झेलिका. इंडियाना राज्यातील ऑक्सफर्ड गावचा दुकानदार डॅन मेसनर याने ही लंगडी घोडी लिलावात २५५ डॉलरना घेतली, तेव्हा गावाने त्याची थट्टा केली म्हणतात. तिला जो पॅचेनकडून फळवण्याची फी १५० डॉलर, म्हणजे घोडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. थट्टा करणाऱ्यांनी वंशावळ पाहिलेली नसावी. बापाकडून पॅचेन विल्क्स आणि आईकडून विल्क्सबेरी व यंग जिम, अशा दोन्ही वाटा जॉर्ज विल्क्सला मिळतात. तो बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत येतो. जॉर्ज विल्क्स हा हॅम्बलटोनियनचा मुलगा. साऱ्या स्टँडर्डब्रेड जातीचा मूळपुरुष मानला गेलेला हॅम्बलटोनियन (१८४९–७६) स्वतः शर्यतींत जवळजवळ उतरलाच नव्हता, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

शिंगरू जन्मले ते मागच्या डाव्या पायात वाकडेपण घेऊन. उभे राहायलाही त्याला आधार द्यावा लागला. पुढे वेगात असताना हा पाय गाडीच्या चाकाला लागे, म्हणून त्याच्यासाठी रुंद आसाची गाडी वापरली गेली. त्याला तयार केले ते गावातच भाड्याच्या घोड्यांचा तबेला चालवणाऱ्या जॉन वॉटल्स याने.

शर्यती : पहिली शर्यत ३० ऑगस्ट १९०० रोजी इंडियानातील बॉसवेल येथे, जिंकली. १९०१ पासून मायरन मॅकहेन्री याने हाकायला घेतले आणि घोडा देशातील मोठ्या मैदानांवर आला. तेव्हा एक शर्यत अनेक फेऱ्यांची असे. डॅन पॅच साऱ्या आयुष्यात दोनच फेऱ्या हरला, शर्यत एकही नाही. मेसनरच्या दुसऱ्या एका घोडीवर विषप्रयोग झाल्यानंतर त्याने १९०२ मध्ये डॅन पॅच न्यूयॉर्कच्या एम. ई. स्टर्जिसला २०,००० डॉलरना विकला. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी मिळेनासे झाले. यापुढची कारकीर्द जवळजवळ सगळी घड्याळाशी.

सॅव्हेज यांच्याकडे : डिसेंबर १९०२ मध्ये मिनिॲपोलिसचे मॅरियन विलिस सॅव्हेज यांनी ६०,००० डॉलरना तो घेतला. सॅव्हेज यांचा धंदा जनावरांच्या खाद्यात मिसळायच्या भुकटीचा. कंपनीचे नाव इंटरनॅशनल स्टॉक फूड. घोडा हीच त्यांची जाहिरात झाली. त्याची रंगीत चित्रे लोकांना फुकट वाटली, प्रवासासाठी स्वतंत्र पांढरा रेल्वेडबा, त्यावरही त्याचेच चित्र. सिगार, तंबाखू, घड्याळे, धुलाईयंत्रे, खेळणी, बर्फावरच्या घसरगाड्या, मोटारगाडी आणि नाचाची एक धून एवढ्यांना त्याचे नाव मिळाले. मिनिॲपोलिसहून दक्षिणेकडे काढलेला लोहमार्ग लोक 'डॅन पॅच लाइन' म्हणूनच ओळखत. मिनेसोटा नदीकाठच्या हॅमिल्टन गावाजवळ घुमटाचा भव्य तबेला बांधला, त्याला म्हणत ताजमहाल. तबेला गरम ठेवण्याची सोय होती, शेजारी अर्ध्या मैलाची छप्पर असलेली धावपट्टी होती. १९०४ मध्ये खुद्द गावाचे नाव बदलून सॅव्हेज करण्यात आले.

या सर्व तपशिलांची विपुलता पाहून वाचकाने हुरळू नये. घोड्याविषयीची पुष्कळशी माहिती मालकाच्या छापखान्यातून आली आहे आणि मालक भुकटी विकत होता.

विक्रम : १९०३ मध्ये मेम्फिस येथे १ मैल १ मिनिट ५६.२५ सेकंदांत, १९०४ मध्ये तेथेच १ मिनिट ५६ सेकंद, १९०५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टनला १ मिनिट ५५.२५ सेकंद. ८ सप्टेंबर १९०६ रोजी हॅमलिन येथील मिनेसोटा राज्य जत्रेत हॅरी हर्सीने हाकताना १ मिनिट ५५ सेकंद झाले. प्रेक्षक ९३,००० होते असे सांगितले जाते. पुढे वेग देण्यासाठी धावणाऱ्या घोड्याच्या गाडीला धूळपडदा बांधलेला होता. त्यामुळे वारा अडला, असा आक्षेप निघून ही वेळ मान्य झाली नाही. सॅव्हेज यांनी निषेध नोंदवला आणि जाहिरातीत १ मिनिट ५५ सेकंद हाच आकडा छापत राहिले. पडद्याचा लाभ नेमका किती, यावर मतभेद आहेत. अधिकृत विक्रम १९०५ चा धरला गेला. तो १९३८ मध्ये लेक्सिंग्टनलाच बिली डायरेक्टने मोडला, तोही बरोबर १ मिनिट ५५ सेकंदांत.

१९०९ मध्ये लंगडेपणामुळे निवृत्त.

पैदास : नाव पाहता फळ बेताचे. त्याची शिंगरे शर्यतींत उतरली, काही चांगली धावलीही. पण बापाच्या वेळेजवळ कोणी पोचले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे एक कारण उघड आहे. ऐन उमेदीची वर्षे प्रदर्शनांच्या फिरतीत गेली, आणि उत्तम घोड्यांचे माहेर असलेल्या केंटकीपासून तो दूर मिनेसोटात राहिला. आजच्या पेसरांची नरवंशाची मुख्य धारा त्याच्याकडून येत नाही. ती हॅम्बलटोनियनच्या दुसऱ्या मुलाकडून, इलेक्शनियरकडून येते : चाइम्स, द ॲबे, ॲबेडेल, हॅल डेल आणि तेथून ॲडिओस. यांतली द ॲबे किंवा ॲबेडेल ही नावे एकाही सिगारच्या खोक्यावर नव्हती. डॅन पॅचच्या स्वतःच्या शाखेत जॉर्ज विल्क्सचे रक्त दोन बाजूंनी एकवटलेले होते. दूरच्या रक्ताच्या घोड्या निवडून दिल्या असत्या तर कदाचित वेगळे घडते. तशी पद्धतशीर निवड झाल्याचे दिसत नाही.

मृत्यू : ११ जुलै १९१६, सॅव्हेज येथे. मालकाचे निधन दुसऱ्या दिवशी मिनिॲपोलिसमध्ये.

इतर : 'द ग्रेट डॅन पॅच' हा चित्रपट १९४९ मध्ये आला. अमेरिकेतील गाडी-शर्यतींवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना दरवर्षी देते ते पुरस्कार त्याच्या नावाचे आहेत. त्यांत वर्षातील सर्वोत्तम पेसरचाही समावेश असतो.